वैलाची चूल

वेणू : वाजवून बघ, म्हातारे, बोटानं वाजवून बघ. जव्हारहून या खोडाळ्याच्या बाजारापर्यंत गाढवावर आणल्यात, पण एकीलाही चीर गेली नाय.

रुपी : वाजते खरी. पण कुंभारणीकडची इकत घेतलेली चूल! माझी सासू असती तर तोंडावर थुंकली असती. आमच्या मोखाड्याकडच्या पाड्यात बाई आपली चूल आपल्या हातानं घालते.

वेणू : मग घाल की! माती काय महाग झाली?

रुपी : हे बघ हात. मानमोडीच्या तापातनं मी उठले, पण हात काय उठले नाय. पेज तोंडाशी न्यावी तर निम्मी पदरात सांडते.

वेणू : अगं बाय! आणि ही कोण, लेक?

रुपी : सून. तानी.

वेणू : मग सुनेच्या हातांना काय झालं? चांगले धडधाकट दिसतात.

तानी : आते, ही लहान बघ. एका भांड्याची. हलकी हाय.

वेणू : थांब गं पोरी. खाणारी माणसं किती ते आधी सांगा. चूल त्यावर ठरते.

रुपी : चार.

तानी : आते...

रुपी : काय आते? मी, तू, पुंजा, पुंजाचा बाप...

तानी : मामा गेले, आते. त्यांच्यामागं हेबी गेले.

रुपी : ठाऊक हाय गं मला! दोघांच्या तोंडात पाणी मीच घातलं ना? चार म्हणायची जिभेला सवय हाय. तिला कोण सांगणार, नवरा गेला नि लेकबी गेला म्हणून?

वेणू : त्या तापानं कुणाचं घर सोडलं नाय, बाय. या चुली माझ्या दिराच्या हातच्या. चाक तसंच पडलंय, फिरवायला माणूस उरला नाय.

रुपी : म्हणजे तूबी आमच्यातलीच.

वेणू : तुमच्यातलीच. बरं, दोघी असाल तर ही वैलाची घ्या. पुढं भात शिजंल, मागं वैलावर कालवण. जाळ एक, भांडी दोन.

रुपी : हीच दे.

तानी : नको. लहान घे.

रुपी : का गं?

तानी : लाकडं कमी लागतात.

रुपी : ऐका! रानात राहून हिला लाकडांची काळजी!

तानी : दोन दोन भांडी तुला उचलवणार नाय.

रुपी : मग तू उचल.

वेणू : अगं, रडते ती.

रुपी : रडू दे. सुतक फिटलं तशी आम्ही जुनी चूल खणून टाकली. तेव्हापासून मी अंगणात तीन दगडांवर पेज शिजवते. हिला म्हटलं, बाय, वारुळाची माती आणून ठेवलीय, मळ नि नवी चूल घाल. तर ही हात बांधून बसली. एक दिवस म्हणे डोकं दुखतंय, दुसऱ्या दिवशी पोट.

वेणू : दुखत असंल बिचारीचं.

रुपी : काय दुखत नव्हतं! आमच्यात घर सोडून जाणारी बाई त्या घरची चूल घालत नाय. तिच्या हातच्या चुलीत विस्तव टिकत नाय म्हणतात.

तानी : तुला कळलं व्हतं?

रुपी : अंगणात मातीची ढेकळं झाली, तरी कळू नये? तुझा भाऊ पोशेऱ्याहून येतो, तुझ्याशी कुजबुजतो, नि माझ्याकडं मान वर करून बघत नाय.

तानी : दादानं पाट ठरवलाय माझा. नवरा पोशेऱ्यातलाच हाय. त्याची बायको त्याच तापात गेली. मी नाय म्हटलं, आते. देवाशपथ, नाय म्हटलं.

रुपी : आणि पुन्हा विचारलं तेव्हा?

तानी : गप बसले. मला त्या घरात भ्या वाटतं गं. ह्यांची कांबळ खुंटीवर तशीच हाय. तिच्याकडं बघून बघून मीबी तिथंच सुकून जाईन असं वाटतं. मला जगायचंय, आते. आणि तू एकटी दिसलीस की माझा जीव तुटतो.

रुपी : मला तुझा राग येतो. लई राग येतो. एकदा तर वाटलं, तुझे हात धरावे नि त्या मातीत दाबावे. चूल तुझ्या हातची झाली की तू अडकलीस.

तानी : मग का नाय दाबलेस?

रुपी : तुझ्याएवढी व्हते तेव्हा माझा पुंजा पोटातसुद्धा नव्हता. माझं सगळं पुढंच व्हतं. तुझं मी कसं अडवू?

वेणू : मग म्हातारे, एकटीला ही लहानच बरी. राख काढायलाबी सोपी.

तानी : हीच दे, मावशी. मी डोक्यावर नेते, घरात बसवून...

रुपी : तू बसवायची नाय! दारापर्यंत आण. तिथनं आत मी नेईन.

तानी : या हातांनी?

रुपी : घासत नेईन. बशीन नि नेईन, बशीन नि नेईन.

(तानी लहान चूल चुंबळीवर घेते. रुपीचा हात अजून वैलाच्या चुलीवरच आहे. पुंजाचा बाप वैलावरचं ऊन पाणी घेऊन अंगणात पाय धुवायचा, ते तिला आठवतं.)

रुपी : ठेव ती खाली.

तानी : काय झालं?

रुपी : ही वैलाची घे.

वेणू : अगं, एकटीला वैल कशाला? रिकामाच राहील.

रुपी : राहू दे रिकामा. कधीमधी पाणी तापंल त्यावर. पोशेऱ्याहून चालत आलं की पाय दुखतात माणसाचे.

तानी : पोशेऱ्याहून कोण येणार हाय तुझ्याकडं?

रुपी : का, लेक माहेराला येत नाय? चल, उचल आता. सांभाळून, कड लागंल.