मावशींच्या कॉलवर नापास झालेली चिप

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान संचालक मंडळी, आजचे सत्कारमूर्ती, चिप विभागातले माझे सहकारी, चाचणी विभागातले आमचे जुने वैरी, आणि पहिल्या रांगेत मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या माझ्या सासूबाई, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

अध्यक्ष महोदयांनी मघाशी हळूच सांगितलं, "थोडक्यात आटपा." प्रयत्न करते. पण ज्या माणसानं माझ्या पहिल्यावहिल्या चिपला भर मीटिंगमध्ये नापास केलं, त्याच्याबद्दल थोडक्यात बोलणं मला कसं जमावं? होय, सत्कारमूर्ती माझे सासरे आहेत. ऑफिसात सर, घरी बाबा, आणि पाठीमागे, क्षमा असावी बाबा, 'थर्मामीटर'.

हे नाव त्यांनी कमावलेलं आहे. आपल्या प्रयोगशाळेत तापमान मोजायची एवढी महागडी यंत्रं! सगळी मोजमापं झाली की बाबा फोन उचलणार आणि स्वतःच्या गालाला लावणार. मी एकदा विचारलंसुद्धा, "सर, सेन्सरवर विश्वास नाही का?" म्हणाले, "सेन्सर आकडा सांगतो गं. चटका गालालाच बसतो."

आता मूळ मुद्द्यावर येते. फोनमधली आपली जुनी चिप बाबांच्या टीमनं केली. या सभागृहातल्या निम्म्या खिशांत आज तीच आहे. पुढे बाबा चाचणी विभागात गेले आणि नव्या पिढीची चिप माझ्या टीमकडे आली. म्हणजे बघा, चिप करायची सुनेनं, तपासायची सासऱ्यानं, आणि तुलना कुणाशी? तर सासऱ्यांच्याच जुन्या चिपशी! आमच्या घरात तेव्हा एक नियम झाला, चिपचा विषय उंबऱ्याबाहेर. त्यामुळे जेवताना आम्ही गळक्या नळावर जितकी चर्चा केली, तितकी कुठल्या प्लंबरनंही केली नसेल.

कागदावर माझी चिप देखणी होती. ट्रान्झिस्टर आणखी बारीक, कोअर जास्त, ॲपवर बोट टेकवायचा अवकाश की उघडलंच. प्रत्येक छोट्या चाचणीत जुनीला मागे टाकलं. मी तर मनातल्या मनात पेढे वाटून मोकळी झाले होते!

मग वापरून बघण्यासाठी दोन फोन आमच्या घरी आले, पाठीवर चाचणी विभागाची पिवळी पट्टी लावलेले. एकात जुनी चिप, एकात नवी. बाबांनी ते आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हातात दिले आणि म्हणाले, "तुझा रोजचा कॉल आज यावर कर, उद्या त्यावर."

आईंचा रोजचा कॉल म्हणजे मावशींना, त्यांच्या थोरल्या बहिणीला. व्हिडिओवर. सुरुवात होते "काही नाही गं, सहज केला" अशी, आणि शेवट कधी होतो ते मी अजून पाहिलेलं नाही. जुन्या चिपवर कॉल सुरू व्हायला जरा वेळ लागला, पण नंतर एका लयीत चालला. नव्या चिपवर झटक्यात लागला, चित्र तर काय सुंदर! आणि मग ऐन रंगात आलेल्या गोष्टीत मावशी जांभई देता देता थिजल्या. आई ओरडल्या, "अगंबाई, ताईला काय झालं?" ताई ठणठणीत होत्या. माझी चिप तापून धापा टाकत होती. आईंनी फोन ओट्यावरच्या फडक्यात धरून माझ्यापुढे आणला, तापलेलं पातेलं धरावं तसा.

बाबांनी तीच लांबलचक चाचणी प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा घेतली आणि मीटिंगमध्ये सांगितलं, "नवी चिप धावते छान, पण टिकत नाही. नापास." एका संचालकांनी विचारलं, "जुनी चिप तुमची, म्हणून तिला झुकतं माप नाही ना?" बाबा शांतपणे म्हणाले, "झुकतं माप सुनेला द्यावंसं फार वाटलं. दिलं नाही."

मला सांगण्यात आलं, पुढचा नमुना नापास झाला तर काम दुसऱ्या टीमकडे जाईल. मी अशी भडकले होते म्हणून सांगू! घरात बाबांशी फक्त 'हो' आणि 'नाही'. बाकीचे निरोप नवऱ्यामार्फत. त्या बिचाऱ्याचं पार सँडविच झालं. शेवटी बाबाच चहाचा कप घेऊन आले आणि आयुष्यात एकदाच त्यांनी घरचा नियम मोडला. म्हणाले, "अशी चिप आम्हाला जन्मात जमली नसती. चांगली आहे म्हणून अडवली. सुमार असती, तर मी कशाला एवढा जीव आटवला असता?"

मी दार लावून रडले, आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागले. वरचा वेग थोडा उतरवला. लांबणारी कामं छोट्या, कमी वीज खाणाऱ्या कोअरकडे वळवली. तो नवा नमुना सध्या चाचणीत आहे. निकाल सोमवारी. बाबांचा नोकरीतला शेवटचा दिवस मात्र आज. आज सकाळी नाश्त्याला मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होते. कसलं काय! नळ पुन्हा गळतोय म्हणाले.

खरं सांगू? भीती सोमवारची आहेच. पण बाबा, त्याहून मोठी भीती ही, की यापुढे माझं काम इतक्या मायेनं नापास कोण करणार?

बाबा, अहो मी तुमच्याबद्दल बोलतेय आणि तुम्ही फोन काय धरून बसलात? रेकॉर्ड करताय? एक मिनिट. त्या फोनला पिवळी पट्टी आहे. तो आमचा नवा नमुना आहे! केव्हापासून चालू आहे? काय म्हणालात अध्यक्ष महोदय, पहिल्या भाषणापासून? म्हणजे संचालकांचं भाषणसुद्धा? अख्खं?

बघा, बघा, गालाला लावताहेत.

काय म्हणालात बाबा? जरा माइकमध्ये सांगा.

"बोल तू. थंड आहे. घरात बोलायचं नाही असं ठरलं होतं, हे काही घर नव्हे."

रुमाल आहे का कुणाकडे? असू दे, पदर आहे.

अध्यक्ष महोदय, थोडक्यात आटपलं नाही, पण चाचणी लांबच घ्यायची असते हे मी याच माणसाकडून शिकले. आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, मनापासून आभार. थट्टेच्या भरात कुणाला काही लागलं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर घरचीच आहे म्हणून पदरात घ्या.

आणि आई, कार्यक्रम संपला की मावशींना कॉल लावा. खुशाल बोला.