नाळेचा दोरा सुटला नव्हता

दि. १३ फेब्रुवारी १९७४

मी, सौ. वच्छला दौलतराव इंगोले, वय २१, धंदा घरकाम व शेतमजुरी, शिक्षण सातवी, रा. आसेगाव, ता. मंगरूळपीर, जि. अकोला, समक्ष हजर राहून सांगते की, माझ्या दि. ७ च्या जबाबात ‘सुईण भागिरथाबाईने नाळेची गाठ सैल बांधली’ असे आहे, ते चूक आहे. गाठ मी पाहिली नव्हती. सासूबाई चतुराबाई म्हणाल्या, तेच मी सांगितले.

नाळेचा दोरा पोटुशी बाईने स्वतः आधीच वळून ठेवावा, असा भागिरथाबाईचा नेम आहे. घरच्या कापसाचा तो दोरा मीच दुहेरी वळला होता.

मुलगा रविवारी, दि. ३ रोजी झाला. बुधवारी सकाळी बेंबीतून रक्त येऊ लागले. शीही काळी झाली. भागिरथाबाई आली व म्हणाली, “गाठ पक्की हाये पोरी, तरी रगत थांबून नाही राह्यलं. काहून ते मले समजत नाही. वाशीमले चाल.” एसटीत तिने बेंबीवर फडके दाबून धरले, ते दवाखान्यापर्यंत. कंडक्टरने तिकीट मागितले तेव्हा म्हणाली, “पैसे पदराच्या गाठीत हायेत, तूच सोड बाबा. माहा हात कामात हाये.”

डॉक्टरांनी मुलाच्या मांडीत सुई दिली. संध्याकाळपर्यंत रक्त थांबले. माझ्या पतीने त्याआधीच ठाण्यात तक्रार दिली होती.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला समजावले. दोरा घट्टच होता. रक्त गोठायला ‘के’ नावाचे जीवनसत्त्व लागते. नवीन बाळाच्या अंगात ते फार थोडे असते, आईच्या दुधातही थोडेच. डब्याच्या दुधात जास्त. मुलाला दिलेली सुई त्याचीच होती. सासूबाई म्हणाल्या, “मंग तुह्या दुधातच खोट. डब्बा आना.” डॉक्टर म्हणाले, “खोट नाही. सुईने काम झालं. अंगावरच पाजा.” मी पाजते.

मुलगा दवाखान्यात जिवंत पोचला तो भागिरथाबाईमुळे. गावात आता तिला कोणी बाळंतपणाला बोलावत नाही. तिला आज चौकशीसाठी ठाण्यात बसवले आहे व मी हे सांगत असताना मुलगा बाहेर ओट्यावर तिच्याच मांडीवर झोपला आहे. तिच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

जबाब जमादारांनी वाचून दाखवला. मला वाचता येते म्हणून मी तो स्वतःही वाचला. सांगितला तसाच आहे. माझ्या विनंतीवरून खालील ओळ वाढवली.

बारशाला तिला बोलावू नये असे घरात ठरले आहे. तरी मुलाला पाळण्यात पहिल्यांदा तीच घालील, आणि तिला आणायला मी स्वतः तिच्या दारी जाणार आहे, रविवार, दि. १७ फेब्रुवारी १९७४ रोजी.