बेज्जूरवरचा ढग

तुमी आत्ता ढगाचं बोलले म्हणून आठवलं. आमी वांकिडीकडे मराठी शाळेत पाचवीत होतो, तवा सुमन नावाची पोरगी वर्गात नवीन आली. तिची आजी मागं त्यांच्या गावी, बेज्जूरला, एकटीच राह्यली होती, अन् आल्यापासून ही पोरगी कोणाशी एक शब्द बोलत नव्हती.

एक दिवस गुरुजींनी विज्ञानात पाऊस कसा पडतो ते शिकवलं. मग भाषेच्या तासाला म्हणाले, "आता तुमीच पाण्याचा थेंब व्हा. कुठंकुठं गेले ते लिहा, अन् वाचून दाखवा."

सुमनची पाळी आली. आमाले वाटलं, ही नुसतीच उभी राह्यते. पण ती हळूहळू वाचू लागली. प्राणहिता नदीतून ती वाफ होऊन वर गेली, ढगात निजली, वाऱ्यानं तिले बेज्जूरच्या जंगलावर नेलं. खाली आजीचं अंगण दिसलं. तिथंच ती थांबली.

गुरुजींनी विचारलं, "अन् पाऊस? काऊन पडली नाहीस?"

"आजीनं अंगणात मोहफुलं वाळू घातली होती, गुरुजी. भिजली असती."

कोणीच हसलं नाही. गुरुजी खिडकीतून आभाळाकडे पाहत राह्यले. मग हळूच म्हणाले, "बरं केलंस पोरी. फुलं वाळू दे. तोवर थांब वरच."