टॉवेलचा पदर

तुम्ही आपले फोटोचं कार्ड दाखवून मोकळे होता. मला नोकरीसाठी लाजून दाखवावं लागलं होतं!

बाहत्तरच्या दुष्काळाआधीची गोष्ट. भिंगारला एका गोदामात कारकुनी मिळत होती. पण साहेब अडून बसले, "दत्तात्रय तो तूच कशावरून रे? ओळखणारा माणूस आण."

तिथल्या कँटीनचे आचारी सखारामभाऊ आमच्या कोल्हारचे, पण गावाला यायचे फक्त जत्रेला. त्यांना बोलावलं. त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "न्हाई साहेब, ह्याला कधी पाह्यलं न्हाई."

माझं धाबं दणाणलं. "अहो भाऊ, जत्रेच्या नाटकात दरसाल नायिका कोण व्हायचं? मीच की!"

"तू? छ्या! ती लई देखणी हुती."

आता काय करता? खांद्यावरचा टॉवेल पदरासारखा डोक्यावर घेतला, मान वेळावली, पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली आणि झकास लाजलो.

सखारामभाऊ ओरडलेच, "हीच ती, साहेब! आमच्याच गावची!"

इतका वेळ मला उभं ठेवून अरेतुरे करणारे साहेब गडबडून उठले, खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बसा ना बाई. उद्यापासून कामावर या."