पाटीवरचा ‘आ.’

— नाही, ठेव तो दांडा खाली. हळू ठेव, आपटू नकोस, फरशी माझी आहे. आणि बाही वर कर. वर कर म्हणतोय ना — हे काय आहे? क्रेप बँडेज. कोपराला बँडेज गुंडाळायचं, वर फुलबाहीचा टी-शर्ट चढवायचा आणि बाकावर आडवं पडून दांडा कपाळापर्यंत आणायचा — मला काय आंधळा समजलास? बावीस वर्षं जिम चालवतोय मी. कोण कुठली कळ दाबून हसतोय ते मला आरशातनं दिसतं. कधीपासून दुखतंय? दहा दिवस. आणि दहा दिवस तू काय करतोयस — तर रोज येऊन तेच. शाब्बास. धंदा काय तुझा? केस कापतोस ना? दिवसभर हात वर धरून कात्री चालवायची असते ना? मग उद्या हा कोपर गेला तर गिऱ्हाइकाचे केस काय दातांनी कुरतडणार आहेस?

बस इथे. आता व्यायाम नाही, आता ऐकायचं. ट्रायसेप्स म्हणजे दंडाची मागची बाजू. तीन डोकी असतात त्याला — तुला एकच आहे आणि तेही तू वापरत नाहीस. त्यातलं सगळ्यात मोठं डोकं मागनं थेट खांद्यापर्यंत जातं, म्हणून ते नीट ताणायचं तर हात डोक्याच्या वर न्यायला लागतो — केबल मागनं धरायची, कोपर कानाशी, सावकाश खाली, सावकाश वर. हा एक. दुसरा, उभं राहून केबल खाली दाबायची, कोपर बरगडीला चिकटलेला, अंग झुलवायचं नाही. झालं, दोन पुरे. कारण छातीच्या दिवशी तू बेंच मारतोस, आडवं पडून वजन वर ढकलतोस, तेव्हा ट्रायसेप्स काय घरी झोपलेला असतो? तोही राबतोच की तिथे. पण तू मोबाइलवर बघणार, सात प्रकार शिकणार आणि सातही एकाच दिवशी उरकणार, उद्या जिमला कुलूप लागणार असल्यासारखं.

किती सेट करतोस? बारा. अरे, मग बारा बरोबर आहे, मी तरी वेगळं काय सांगतो — सहा सोमवारी, सहा गुरुवारी, आणि प्रत्येक सेटमध्ये अजून दोनदा ओढता आलं असतं असं वाटतंय तोवरच थांबायचं. एवढ्यानं कोपर दुखायचं काही कारणच — काय? रोज? रोज बारा? सहा दिवस? बहात्तर झाले की रे आठवड्याचे. स्नायू इथे वाढत नाही, इथे तो फक्त मार खातो, वाढतो घरी, झोपेत, जेवणात. तू त्याला सावरायला वेळच देत नाहीयेस. कुणी सांगितलं तुला रोज बारा? नाव सांग त्याचं. तिकडे काय बोट दाखवतोस?

पाटी. हां, पाटी आहे ती, मला माहीत आहे. छाती, पाठ, खांदे, ट्रायसेप्स. ‘आ. १२ सेट.’ नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी त्या पाटीपुढे उभं करून तोंडी समजावतो, तू आलास तेव्हा मी तापानं पडलो होतो, तेवढीच चूक झाली. पण माणसाला वाचता येतं ना? ‘आ.’ म्हणजे काय — आज? काय म्हणालास? आज बारा सेट. ज्या दिवशी आलो त्या दिवशीचे. परत बोल. नको — नको बोलूस परत.

पाणी पी. मला नको, तू पी.

एक पेंटर होता इथे. घरं रंगवायचा, छताचं काम तर असं करायचा की एक थेंब खाली नाही. सगळ्यांना सांगतो मी त्याची गोष्ट, तुलाही सांगतो. तोही असाच रोज बारा. सकाळी कामाला जायच्या आधी एकटाच यायचा, चावी होती त्याच्याकडे. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. आणि एके दिवशी दोन दांड्यांवर अंग तोलून डिप्स मारताना कोपराच्या मागे कट्ट झालं, स्नायू हाडापासनं सुटला. ऑपरेशन झालं. आता रोलर छतापर्यंत जात नाही. रंगाच्या दुकानात स्टुलावर बसून डबे हलवतो, डाव्या हातानं. मी काय म्हटलं तेव्हा? सगळ्यांसमोर म्हटलं, हावरटपणा नडला. तो म्हणाला, तुझ्या पाटीवर लिहिलंय. मी म्हटलं, पाटीवर आठवडा लिहिलाय, वाचता येत नाही का गाढवा. त्या दिवसापासनं आमचं बोलणं बंद. सहा वर्षं. आईच्या आजारपणात दवाखान्यात एकाच बाकावर बसायचो दोघं, मध्ये पिशवी ठेवून.

हो, आई. भाऊ आहे माझा. धाकटा. मग काय झालं? भाऊ असला म्हणून खोटं बोलायचं का? हावरट होताच तो, लहानपणापासनं, माझ्या ताटातलं — नाही. ते राहू दे. माझ्याच ताटातलं मी त्याला द्यायचो.

काय बघतोस पाटीकडे? अक्षर चांगलं आहे, माहीत आहे मला. त्याचंच आहे. कागदावर मी लिहून दिलं होतं, रंगवली त्यानं, त्या तिथे शिडीवर चढून. जागा कमी होती म्हणून मी ‘आ.’ लिहिलं. आणि त्यानं विचारलं होतं मला. रंग गळू नये म्हणून ब्रश डब्यावर धरून, वरनं — दादा, ‘आ.’ म्हणजे काय रे? मी फोनवर होतो. मशिनवाल्याशी भांडत होतो. मी म्हटलं, लिहिलंय तसं रंगव, तुझं डोकं चालवू नकोस.

चालवलं नाही त्यानं. ऐकलं माझं.

आणि सहा वर्षं ती पाटी तशीच ठेवलीय मी. पुढे चार अक्षरं वाढवायची होती फक्त, दोन मिनिटांचं काम. वाढवली असती तर लोकांनी विचारलं असतं, आधी का नव्हती. म्हणून मी जो येईल त्याला तोंडी सांगत बसलो. आणि आता तू आलास, कात्रीवाला, त्याच कोपराला बँडेज बांधून.

ऊठ. तीन आठवडे इकडे फिरकायचं नाही, डॉक्टरला दाखव, बर्फ लाव, आणि मोबाइलवर काही बघू नकोस. उभा का अजून? माझं तोंड काय बघतोस, जा म्हटलं ना. आणि तिथला माझा फोन दे जाता जाता. दार लोटून घे.

हॅलो. … मी. … मी, दादा. ठेवू नकोस. तू विचारलं होतंस ना, शिडीवरनं — आठवड्याला. ‘आ.’ म्हणजे आठवड्याला.