एका केकवर दोघींची नावं

दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकू नये, असं पुंडलिकराव चाळीस वर्षं शाळेत शिकवत आले होते. मदन महल भागातल्या दातांच्या दवाखान्यात त्यांचा नंबर अजून लांब होता आणि एकाच ऑफिसातल्या हर्षा नि विनता शेजारच्या बाकावर होत्या. म्हणून त्यांनी कानटोपी जराशी वर सरकवली. हर्षा सांगत होती.

“आई थेट ऑफिसात आली वं, निरांजन घेऊन. शरमेनं मेली मी.”

“काहून? छान ओवाळलं की त्यांनी.”

“वरून सगळ्यांना सांगून राहिली, आमची हर्षा सातवीपर्यंत पालीला भ्यायची.”

“साहेब किती हसले.”

“साहेबांनाही ओवाळलं तिनं. गार्ड भैयालाही.”

“पाहिलं नं मी. खोव्याच्या जिलबीचा डबा मीच धरला होता.”

“तुझं बरं आहे. दोघींचा वाढदिवस एकाच दिवशी, पण तुझ्या घरून कोणी तमाशा करायला येत नाही.”

“नाही येत. ह्यांनी मोबाइलवर फुलांचं चित्र पाठवलं होतं.”

“बघ, किती शांत.”

“मला तेवढं ओवाळायचं राहिलं तुझ्या आईंचं.”

“अगं, तुझ्या हातात डबा होता. आईला वाटलं, तू वाढायला आली.”

“केकवर नाव होतं माझं.”

“तिनं चष्मा नव्हता आणला.”

“चलो, जाऊ दे. पुढच्या वर्षी डबा दुसऱ्या कोणाला दे. येतील नं त्या?”

“पुढच्या वर्षी तो दिवस रविवारी येतो.”