तातेरावांनी 'नाही' म्हटलं असतं तर

सन्माननीय अध्यक्ष सरपंच नीलाबाई, मंचावरील डॉक्टरसाहेब, आजचे सत्कारमूर्ती तातेराव बेंगाळ, उद्यापासून त्यांच्या जागी रुजू होणाऱ्या सपनाताई, आणि गावातून, तांड्यावरून आलेल्या बंधू-भगिनींनो,

तातेराव आपल्या सरकारी दवाखान्यात एकवीस वर्षं औषधांच्या खिडकीवर बसले. हगवणीची साथ आली तेव्हा चार दिवस ते घरी गेले नव्हते. हे मान्य केलंच पाहिजे. मी इथल्या शाळेचा गुरुजी, प्रेमदास आडे. दुपारी आमचे डबे एकत्र उघडत. त्यांचा सर्वांत जुना मित्र म्हणून संयोजकांनी मला बोलायला उभं केलं आहे.

दोन वर्षांपूर्वी, २००३ साली, सेवा नावाचा माझा थोरला भाऊ प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेला. तो रक्तदाबाची जी गोळी घ्यायचा, तीच मीही घ्यायचो. तेराव्यानंतर मी खिडकीवर गेलो आणि विचारलं, "तातेराव, भावाला ह्या गोळीनंच तर न्हाई ना झालं?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. म्हणाले, "कुठं बोलू नका, गुरुजी. पेपरात तसंच आलंय. मी माझी बंद केली. तुमी बी करा."

इतक्या वर्षांच्या मित्रावर कोण अविश्वास दाखवेल? मी त्याच दिवशी गोळी सोडली. वर त्यांचे आभारही मानले.

सव्वा महिन्यानं चौथीच्या वर्गात फळ्यावर गणित लिहिताना खडू हातातून सुटला. तो उचलायला वाकलो तो उठलोच नाही. लकवा मारला होता; नांदेडच्या दवाखान्यात वीस दिवस होतो. उजवा हात गेला, जीभ जड झाली. तिथल्या डॉक्टरांना मी कसंबसं विचारलं, गोळी घेतली असती तर कॅन्सर झाला असता का?

ते म्हणाले, "ह्या गोळ्यांनी प्रोस्टेटचा कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. अभ्यास चालू आहेत, एक असं सांगतो, दुसरा तसं. पण भावाला झाला होता, म्हणून तुम्ही तपासणी करत राहा. आणि गोळी अशी परस्पर सोडायची नसते."

तोवर मला वाटत होतं, तातेरावांची समजूत चुकली. माणूस चुकतो. मग एका दुपारी माझी बायको मिराबाई गोळ्या आणायला गेली. तातेराव डब्यानंतर तीच गोळी घेत होते.

"तुमची तं बंद होती ना, भाऊ?" तिनं विचारलं. त्यांनी पट्टी झटकन खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी घरी आले. माझ्या खाटेजवळ बसून म्हणाले, "गुरुजी, दोन महिने वरून साठाच आला नव्हता. चार पट्ट्या उरल्या होत्या, त्या मी माझ्यासाठी ठेवल्या. तुमाला न्हाई म्हणायचं जिवावर आलं. तुमीच कॅन्सरचं काढलं, म्हणून तसं बोलून गेलो."

मी एवढंच म्हणालो, "न्हाई म्हणले असते तर मी सेनगावहून इकत आणली असती."

मंडळी, हातापेक्षा मला ते जास्त लागलं. माझ्या मेलेल्या भावाचं दुःख घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो, आणि त्यांनी त्याच दुःखाचा उपयोग केला. आजचा हार मिराबाईनं घालावा अशी तातेरावांची इच्छा होती. ती घरीच थांबली आहे.

सपनाताई, तुम्ही नव्या आहात. औषध नसेल तर नाही म्हणून सांगत जा. आम्ही जीप धरून दुसरीकडून आणू. आणि ज्यांच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करू नयेत, मित्रानं सांगितलं तरी.

मला बोलू दिलंत, ऐकून घेतलंत, याबद्दल अध्यक्षांचा आणि आपला ऋणी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोललो असेन तर सभेनं मला क्षमा करावी. तातेराव, तुमच्याकडे मात्र मी क्षमा मागत नाही.